गावातले धंदे-उद्योग: सत्तरीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या बाजारात भेटले की, फोनवर, व्हॉट्सअॅपवर लोक तेच तेच विचारत असतात, गावात काय धंदा करता येईल, काजूत किती सुटतं, लायसन्स कुठलं लागतं, सबसिडी मिळते का वगैरे. म्हणून सगळं एकदा एका ठिकाणी लिहून काढलंय. मुख्य भर सत्तरीवर आहे कारण ती रोजच्या बघण्यातली, पण डिचोली, फोंडा, पेडणे इथल्या लोकांना पण यातलं बरंचसं लागू पडेल.

गावात मुळात कसले धंदे चालतात?

लोकांना वाटतं गाव म्हणजे शेती आणि एक किराणा दुकान. तसं नाहीये. काजूच्या भाट्या (बोंडूची दारू काढायची जागा), काजूगर काढायचे छोटे कारखाने, कुळागरातली म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या बागायतीतली सुपारी-मिरी-केळी, नारळ, दूध, भात गिरण, पोदेराची म्हणजे पाववाल्याची भट्टी, बांबूच्या टोपल्या-सुपं, कोकमाची सोलं-आगळ आणि फणसाची साठं (पोळी) करणारे बचत गट, जत्रेत फिरणारे खाजेकार (खाजं हा गोड खाऊ विकणारे), टेंपोवाले, पॉवर टिलर भाड्याने देणारे, वेल्डिंगवाले, आता होमस्टे. यातलं बहुतेक सगळं सीझनवर चालतं. एकाच धंद्यावर बारा महिने घर चालवणारा माणूस गावात कमीच, फेब्रुवारी ते मे काजू, पावसात भात, चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या सजावटीचं) सामान, मग सुपारी, असं फिरत राहतं. नवीन कोणी धंदा सुरू करत असेल तर त्याने आधी हे कॅलेंडर डोक्यात घ्यावं, नाहीतर मे महिन्यात कामाला माणूस शोधत बसाल आणि गावातला प्रत्येक माणूस काजूत असेल.

एवढं सगळं आहे तर पोरं गावात का थांबत नाहीत?

कारण गावातला माल कच्चाच बाहेर जातो. काजूची बी पोत्यात भरून जाते, फणस अख्खा टेंपोत जातो, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं किलोवर जातात, आणि पुढचा सगळा पैसा दुसरीकडे कोणतरी कमावतो. मग पोरगा म्हणतो ह्यात काय आहे, होंड्याच्या नाहीतर पिसुर्ल्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये महिन्याला ठरलेला पगार तरी येतो, आणि सरकारी नोकरीची वाट बघणं तर आमच्याकडे घराघरात चालू असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण जिथे माल गावातच पक्का होतो तिथे पोरं थांबलेली दिसतात. ज्या घरात भाटी आहे किंवा गर काढायचं युनिट आहे तिथला एक तरी मुलगा घरच्या धंद्यात असतो. पुढे बरीच उत्तरं फिरून फिरून ह्याच मुद्द्यावर येतील कारण माझ्या मते गावाचा खरा प्रश्न हाच आहे.

काजूचा सीझन कधी असतो आणि झाडावरून काय काय मिळतं?

फेब्रुवारीच्या शेवटी सुरू, मार्च-एप्रिल जोरात, मे अखेर संपतो. ढगाळ हवा आणि धुकं मोहोराच्या वेळी आलं की टी मॉस्किटो ही कीड येते आणि मोहोर काळा पडतो, त्या वर्षी सगळाच हिशोब बिघडतो. एका फळात दोन माल, बी आणि बोंडू. बी उन्हात दोन-तीन दिवस वाळवली की ठेवता येते, बोंडू मात्र त्याच दिवशी भाटीवर पोचला पाहिजे. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून खाली पडलेलाच वेचायचा, म्हणून सकाळी लवकर बायकामाणसं डोंगरावर असतात, टोपलीत जमवून बी पिळून वेगळी करतात आणि बोंडू भाटीवाल्याकडे. कोकणात बऱ्याच ठिकाणी बोंडू झाडाखालीच कुजून जातो, गोव्यात त्याचे पण पैसे होतात, आमच्या आणि त्यांच्या काजूच्या हिशोबात मोठा फरक इथेच पडतो.

भाटीवर नक्की काय होतं? फेणी कशी काढतात?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोंडू कोळंबीत टाकतात, कोळंबी म्हणजे कातळात कोरलेली किंवा सिमेंटची बांधलेली उतरती टाकी, त्यात पायाने तुडवून रस काढतात, आता बऱ्याच जणांनी क्रशर मशीन घेतलंय. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्याला रानातली वेल गच्च गुंडाळतात आणि वर मोठा दगड ठेवतात, त्यातून रात्रभर थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो नीरो. सकाळी थंड नीरो प्यायला गावातली पोरं भाटीवर हजर, तो गोड असतो आणि नशा नसते, पण ऊन चढलं की आंबायला लागतो. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवतात, त्यात यीस्ट नाही, साखर नाही, पाणी नाही, हवेतल्या हवेतच आंबतो. वर फेस येऊन खाली बसला की तयार.

मग तो भाणात घालतात, तांब्याचं मोठं भांडं, खाली लाकडाची आग. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात येते ती लावणी, तिच्यावर सतत थंड पाणी ओतावं लागतं नाहीतर वाफ फुकट जाते. हे पाणी ओतायचं काम बघायला सोपं वाटतं पण त्यावरच सगळं आहे, आग जास्त झाली की रस उतू जाऊन नळीत येतो आणि अख्खा घाणा जळका लागतो, आग कमी झाली तर रात्र संपत नाही. जुना भाटीवाला नुसत्या थेंब पडण्याच्या आवाजावरून सांगतो की लाकूड काढ किंवा घाल. पहिल्या वेळी निघतो तो उर्राक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. उर्राकात परत आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा उकळला की फेणी, ती ४२ टक्क्यांच्या आसपास जाते. कडकपणा अजून गिरावात मोजतात आणि अनुभवी माणूस बाटली हलवून फुगे किती वेळ टिकतात त्यावरून अंदाज सांगतो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये फेणी ठेवू नका, वास लागतो, काचेची गरफांव (मोठी बाटली) घ्या.

काजू फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, गोव्यातला तो पहिला. २०१६ मध्ये सरकारने तिला हेरिटेज ड्रिंकचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये फेणी पॉलिसी आली. ह्या सगळ्याचा फायदा बाटली भरून लेबल लावणाऱ्याला जास्त होतो, गावातला भाटीवाला अजून कॅनमध्येच विकतो आणि त्याला भाव घाऊक मिळतो. चार-पाच भाटीवाल्यांनी एकत्र येऊन बॉटलिंग केलं तर फरक पडेल असं मला मनापासून वाटतं, कारण फेणी खराब होत नाही, ठेवली की चांगलीच होते, म्हणजे घाईने विकायची गरजच नाही, गरज आहे ती सीझनमध्ये हातात थोडा पैसा असण्याची.

भाटी घालायला लायसन्स लागतं का?

हो, अबकारी खात्याचं. काजूच्या झोनची दरवर्षी सीझनच्या आधी पावणी म्हणजे लिलाव होतो, ज्याने बोली लावून झोन घेतला त्याला त्या भागातल्या बोंडूंची दारू काढायचा हक्क मिळतो. त्यामुळे आपल्या मनाने घराच्या मागे भाण चढवून बसायचं नाही. आधी तालुक्याच्या अबकारी स्टेशनवर जाऊन तुमचा भाग कुठल्या झोनमध्ये येतो आणि यंदा कोणाकडे आहे ते विचारा, मग पुढचं.

उर्राक पार्सल करून पुण्या-मुंबईला पाठवता येतो का?

नाही. एक तर परमिटशिवाय दारू राज्याबाहेर नेणं बेकायदा आहे, दुसरं उर्राक टिकत नाही, पावसाळ्याच्या आत प्यायचा माल आहे तो. इथे या आणि प्या.

काजूची बी कच्ची विकावी की गर काढून विकावा?

जमत असेल तर गर काढून. चार किलो बीतून साधारण किलोभर गर निघतो, म्हणजे बीचा भाव गुणिले चार करा, त्यात वाफवणं, फोडणं, सोलणं याची मजुरी आणि विजेचा खर्च धरा आणि मग बाजारातल्या गराचा भाव बघा, फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. पण काम किचकट आहे हे पण सांगतो. बी आधी वाफवतात, मग पायाने दाबायच्या कटरवर एकेक बी ठेवून फोडतात, मग बोर्म्यात म्हणजे गरम हवेच्या कपाटात सुकवतात, मग चाकूने वरची लाल साल काढतात, मग ग्रेडिंग. सालीतलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, बायका हाताला खोबरेल नाहीतर राख लावून बसतात, ग्लोव्हज दिले तरी बीची पकड येत नाही म्हणून काढून ठेवतात. कारखाना काढणाऱ्याने ह्या गोष्टीकडे नीट लक्ष द्यावं, बायकांच्या बोटांवर सगळा धंदा उभा असतो.

ग्रेड म्हणजे डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एका पौंडात साधारण तेवढे गर, म्हणजे आकडा कमी तितका गर मोठा. तुकडा झाला की भाव पडतो, त्यामुळे फोडणारी बाई हुशार असणं मशीनपेक्षा महत्त्वाचं.

आणि एक, बाजारात गोवा काजू म्हणून जे विकतात त्यातला बराच आफ्रिकेतून आलेल्या बीचा असतो. आता गोव्याच्या काजूला पण जीआय आहे. आपला माल खरंच आपल्या डोंगरातला असेल तर पाकिटावर गाव, तालुका, सीझन ठळक लिहा, सालीसकट भाजलेला गर द्या, गिऱ्हाईक फरक ओळखतं.

नवीन कलमं लावायची तर कुठली?

वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ लोकांनी भरपूर लावलीत. ओल्ड गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्राने इथल्याच झाडांतून निवडलेली जात म्हणजे बाळ्ळी-२, ती गोवा-१ नावाने पण मिळते, ती बघा. गावठी झाडं सगळी तोडू नका, त्यांचा बोंडू रसाळ असतो आणि भाटीवाले तोच मागतात. खोडकिडीवर नजर ठेवा, बुंध्यातून भुसा दिसला की लगेच किडा काढा, एकदा झाड पिवळं पडलं की गेलं.

काजूखालचा पाला जाळून साफ केला तर चालतो का?

नाही, अजिबात नाही, कृपा करून नको. बोंडू वेचायला सोपं जातं म्हणून करतात, माहीत आहे. पण मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला कितीतरी दिवस डोंगर पेटलेले आपण सगळ्यांनी बघितलेत, विमानदल आणि नौदलाची हेलिकॉप्टर पाणी टाकत होती. पाला बाजूला ओढून झाडाभोवती रचा, खत होतं.

कुळागरातून घर चालतं का?

पाणी असेल तर चालतं. कुळागर म्हणजे झऱ्याच्या पाटावर उभं राहिलेलं, वर माड-पोफळ, पोफळीवर मिरीची वेल, मध्ये केळी-जायफळ, खाली अननस-हळद-आलं, एकाच जमिनीतून चार-पाच पिकं. सुपारी नोव्हेंबरपासून काढतात आणि पांढरी करायची तर सालासकट पाच-सहा आठवडे कडक उन्हात वाळवावी लागते, मध्ये एक अवकाळी पाऊस आला की डाग पडून भाव खाली. पावसात कोळेरोग येतो त्यावर मृगाच्या आधी बोर्डो मिश्रणाची फवारणी पाहिजेच, आणि फवारणी करायला पोफळीवर चढणारा माणूस मिळणं ही आता मोठी अडचण झालीय, एका पोफळीवरून झोका घेऊन दुसऱ्या पोफळीवर जाणारी जुनी माणसं आता म्हातारी झाली. कार्बन फायबरच्या लांब दांड्या आल्यात, खालूनच काढणी आणि फवारणी दोन्ही होतं, महाग आहेत पण चार-पाच बागायतदारांनी मिळून घेतल्या तर परवडतात.

फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी बाजूला लोकांनी मसाल्याच्या बागा पर्यटकांना दाखवायचा धंदा उभा केला तो चांगला चालतो. सत्तरीत पण कुळागरं तेवढीच सुंदर आहेत, रस्ता आणि स्वच्छ बाथरूम एवढं असलं तरी माणसं येतील.

नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, काय करायचं?

मशीनने चढायला शिका. नारळ विकास बोर्डाचं ट्रेनिंग असतं, फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री नावाने, गावातल्या दोन पोरांनी जरी केलं तरी आजूबाजूच्या गावांचं काम त्यांना पुरेल, आणि माडामागे पैसे रोख मिळतात. हा धंदा म्हणून कोणी बघत नाही पण मागणी बघता यासारखं दुसरं काम आत्ता गावात नाही.

चतुर्थीच्या माटोळी बाजारात खरंच पैसे मिळतात?

मिळतात, आणि चांगले मिळतात. गणपतीच्या वर बांधायची माटोळी गोव्यातल्या प्रत्येक हिंदू घरात लागते आणि शहरात कोणाकडे रान नाही, म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आहे. भांडवल फक्त डोंगर माहीत असणं. कांगलां, माट्टीची फळं, कवंडळं, घागऱ्या, तोरिंगण, चिबूड, सुपारीचा कातरा, नारळाची पेंड, आंब्याचे टाळे. आमच्या भागातल्या बायका चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी भर पावसात रानात जातात, काटेरी जाळीतून कांगलांचे घोस कापून काढतात, हात ओरबाडून निघतात, मग रात्री घरी बसून केळीच्या सोपाने जुड्या बांधायच्या आणि पहाटेच्या बसने नाहीतर टेंपोतून म्हापसा, पणजी, डिचोली, साखळी. रस्त्याच्या कडेला गोणपाट घालून बसतात, वर प्लास्टिक, खाली पाणी वाहतंय. आणि तिथे कारमधून उतरलेला माणूस दहा रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा मला फार वाईट वाटतं, त्या जुडीमागे काय आहे ते बघायला पाहिजे.

सल्ला एवढाच की ओरबाडून घेऊ नका, वेल मुळापासून कापली तर पुढच्या वर्षी काही नाही. काही लोकांनी आता माट्टी, तोरिंगण बांधावर लावायला सुरुवात केलीय ते उत्तम. आणि अख्ख्या माटोळीचं एक पॅक करून आधी ऑर्डर घेऊन घरपोच देण्याचं काम गावातली पोरं करू शकतात, फोन सगळ्यांकडे आहे.

बचत गटाने कुठला माल करावा?

भिरंडांपासून सुरू करा. एप्रिल-मेमध्ये भिरंडं फुकट पडलेली असतात, सोलं, आगळ, सरबत आणि बियांचं भिरंडेल असे चार माल होतात. सोलं करताना पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची असतात, घाई करून एकदाच वाळवली तर काळी न होता भुरी होतात आणि पावसात बुरशी येते. फणसाची साठं, तळलेले गरे, आंब्याची साठं, आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) निवडून किलोच्या पाकिटात, हे पण चालतं. पापड-लोणची सगळेच करतात म्हणून तिथे स्पर्धा जास्त. मे महिन्यात पुरुमेंताचा बाजार भरतो, लोक पावसाळ्याची बेगमी घेतात, त्याच्या आधी माल तयार हवा.

घरगुती खायच्या मालाला काय काय कागदपत्रं लागतात?

एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) बेसिक नोंदणी, वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला ही पुरते आणि फी वर्षाला १०० रुपये, ऑनलाईन होते, सायबर कॅफेवाल्याला हजार रुपये देऊ नका. छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी फुकट. पंचायतीची एनओसी. पाकिटावर घटक, वजन, तारीख, किंमत, नोंदणी नंबर आणि पत्ता. जीएसटी मालाला ४० लाखांपर्यंत लागत नाही पण दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल तर उलाढाल छोटी असली तरी नंबर घ्यावा लागतो, हे बऱ्याच गटांना मागाहून कळतं.

दोन-चार गाईंवर दूध धंदा परवडतो का?

चारा विकत घ्यावा लागला तर कठीण. स्वतःचा हिरवा चारा, गोठ्यात घरचंच माणूस आणि गावात दूध सोसायटी असेल तर परवडतो. कामधेनू योजनेत गाय घ्यायला सबसिडी मिळते, पण सबसिडी बघून गाय घेऊ नका, चारा बघून घ्या. शेणखताला कुळागरवाल्यांची मागणी कायम असते ते उत्पन्न लोक धरतच नाहीत.

ऊस लावावा का?

धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना हा गोव्यातला एकमेव आणि त्याचं गाळप २०१९ पासून बंद आहे. ऊसवाल्यांना सरकारने मदत दिली पण मदतीवर पीक काढता येत नाही. आत्ता नवीन लावायचा तर स्वतःचं गुऱ्हाळ नाहीतर रसाचं गिऱ्हाईक आधी बघा.

कुंभारकाम, बांबूकाम यात आता काही आहे का?

आहे, पण माणसं कमी उरलीत. डिचोलीची मातीची भांडी नावाजलेली, घुमट ह्या वाद्याचं मडकं पण कुंभारच करतो, आणि २०१९ मध्ये घुमट राज्याचं हेरिटेज वाद्य जाहीर झाल्यापासून विचारणा वाढलीय. अडचण मातीची, ज्या शेतातून चिकण माती काढायचे ती शेतं भरून प्लॉट झाले. बांबूच्या टोपल्या, सुपं, हातर काजू सीझनला आणि लग्नकार्याला लागतातच. ह्या दोन्ही कामांना पीएम विश्वकर्मा योजना लागू आहे, अवजारांना १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख कर्ज. सुतार, लोहार, न्हावी, शिंपी पण त्यात बसतात.

भात गिरण, पोदेर हे अजून चालतात?

चालतात. उकडा तांदूळ घरी भाणात उकडून गिरणीवर आणणारे कमी झालेत पण गावठी उकड्याला शहरातून मागणी वाढतेय, गिरणवाल्याने स्वतः भात घेऊन उकडून विकलं तर त्याचा फायदा जास्त. पोदेर पहाटे आणि संध्याकाळी हॉर्न वाजवत येतो, पाव आणि उंडे, लाकडाची भट्टी असेल तर पावाला चव वेगळीच. भट्टीवर काम करायला मात्र स्थानिक माणूस मिळत नाही.

खाण परत सुरू झाली की गावं सुधारतील का?

ह्यावर गावात भांडणं होतात म्हणून सांभाळून पण स्पष्ट लिहितो. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, मग सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मार्च २०१८ पासून परत बंद. त्या काळात ट्रकचे हप्ते थकले, गॅरेजं, चहाची दुकानं बंद पडली, ते दुःख खरं होतं. पण त्याच बंदीत खाणीच्या गावांतले कितीतरी लोक काजूकडे, भाजीकडे, दुधाकडे परत वळले. आता लिलाव होऊन डिचोलीकडे खाणकाम परत सुरू झालंय. मातीचं पाणी शेतात आलं की वायंगण म्हणजे उन्हाळी भातशेती जाते, झरे आटले की कुळागर जातं. ट्रक घ्यायचा तर घ्या, पण त्यासाठी बागायत गहाण टाकू नका.

आम्ही बाहेरून येऊन गावात शेतजमीन घेऊ शकतो का?

भातशेती नाही. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. डोंगराळ बागायतीचं प्रकरण वेगळं, पण सत्तरीत बऱ्याच जमिनी मोकासो, आल्वारा (पोर्तुगीज काळात दिलेल्या जमिनी), कुळ-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) अशा भानगडीत अडकलेल्या आहेत, पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसतं. एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका, एक-चौदाचा उतारा स्वतः काढून वकिलाला दाखवा. आणि खरं सांगू का, जमीन घेण्यापेक्षा इथल्या शेतकऱ्याचा माल घ्या, भागीत धंदा करा, दोघांचंही भलं होईल.

घराच्या दोन खोल्या होमस्टेला दिल्या तर?

द्या. पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, १९८२ चा कायदा आहे त्याखाली. पाहुण्याला किनाऱ्यासारखं काही द्यायला जाऊ नका, उकड्या तांदळाची पेज, खतखतें (मिश्र भाज्यांची भाजी), भाटीची भेट, पावसात धबधबा एवढंच द्या. डिसेंबर २०२२ मध्ये मोप विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून पेडणे आणि डिचोलीकडून येणारी माणसं वाढलीत.

माकडं, गवे, रानडुकरं सगळं खातात, त्यावर उपाय?

सोलर कुंपणाला कृषी खात्याची मदत मिळते, डुकरं आणि गव्यांना ते पुरतं. माकडांना मात्र काहीच पुरत नाही. कोवळे नारळ खाऊन टाकतात आणि त्यापायी लोकांनी माड सोडून दिलेत हे वास्तव आहे. माकडं कमी त्रास देतात अशी पिकं म्हणजे हळद, आलं, मिरी, सुरण, ती बागेच्या रानाकडच्या बाजूला घाला. नुकसान झालं की त्याच आठवड्यात फोटो काढून विभागीय कृषी कार्यालयात अर्ज द्या, उशीर केला तर पंचनाम्याला काही दिसत नाही.

कर्ज, सबसिडीसाठी आधी कुठे जायचं?

शेतीचं काही असेल तर विभागीय कृषी कार्यालय, आणि कृषी कार्ड नसेल तर सगळ्यात आधी ते करा, त्याच्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. आधारभूत किंमत पण त्यावरच मिळते, काजू, सुपारी, नारळ, भात ह्यांना, विक्रीची बिलं जपून ठेवा. खाद्यप्रक्रियेचं युनिट असेल तर पीएमएफएमई ही केंद्राची योजना, खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. बाकी उद्योगाला केंद्राची पीएमईजीपी किंवा ईडीसीची (राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाची) मुख्यमंत्री रोजगार योजना. २०२० पासून पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र नेमलेले आहेत, काही फार चांगले आहेत, फॉर्म भरून द्यायला मदत करतात. बँकेत जाताना कोटेशन आणि मागच्या सीझनचा साधा हिशोब वहीत लिहून न्या, मॅनेजर वही बघितली की वेगळ्या पद्धतीने बोलतो.

माल विकायचा कुठे?

सुपारी, काजू बी, नारळ असेल तर फोंड्याची बागायतदार संस्था आणि तिच्या शाखा, भाव पारदर्शक असतो, वजनात फसवणूक नाही. भाजी फलोत्पादन महामंडळ घेतं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अजून सगळ्यात मोठा, तिथे सकाळी सहाच्या आत जागा धरावी लागते आणि नऊपर्यंत अर्धा माल जातो, गावठी मिरची, केळी, सोलं, मडकी सगळं. जत्रांना स्टॉल घ्यायचा तर देवस्थान समितीशी महिनाभर आधी बोला. व्हॉट्सअॅपवर विकणारे वाढलेत, त्यात एकच काळजी घ्या, पहिल्या फोटोतला माल आणि पाकिटातला माल एकच असू दे, कारण गोव्यात सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि एकाला खराब सोलं गेली की आठवड्यात मडगावपर्यंत कळतं. सुरुवातीला किलोची पाकिटं नकोत, पाव किलोची करा, लोक चव बघायला घेतात आणि पुढच्या वेळी तेच फोन करतात.